यंत्रासाठी लिपी की लिपीसाठी यंत्र? पवईच्या आयडीसीची गोष्ट

१/१६
मोबाइलच्या पडद्यावर 'क' वर बोट ठेवावे आणि त्याभोवती का, कि, की, कु, कू यांचे चक्र उमटावे. 'स्वरचक्र' नावाचा हा कळफलक २०१३ साली पवईच्या आयआयटीत तयार झाला. त्याच्या मागे अनेक दशकांचा एक वाद उभा आहे.

२/१६
वाद असा : यंत्राला देवनागरी पेलत नसेल, तर बदलायचे कोणी? लिपीने की यंत्राने? या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजलेली मुंबई उपनगरातील एक संस्था म्हणजे पवईचे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, अर्थात आयडीसी. तिचा हा इतिहास.

३/१६
आधी अडचण समजून घेऊ. रोमन लिपीची अक्षरे सव्वीस. लहान-मोठी रूपे धरली तरी बावन्न. देवनागरीत मात्र काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे. छापखान्यात जुळाऱ्याला शेकडो प्रकारचे खिळे हाताळावे लागत.

४/१६
टंकलेखन यंत्रावर तर कळा पंचेचाळीसच्या आसपास. एवढ्यात सारी देवनागरी बसवायची म्हणजे काटछाट आलीच. एकाखाली एक लिहिली जाणारी अनेक जोडाक्षरे पाय मोडून आडवी लिहावी लागत. मजकूर वाचता येई, पण अक्षराचे वळण हरवे.

५/१६
एक उपाय लिपीसुधारणेचा होता. सावरकरांनी 'अि, अी, अु, अू' अशा अ-च्या बाराखडीचा पुरस्कार केला. विनोबांनी 'लोकनागरी' मांडली. शिकणाऱ्याचे श्रम वाचावेत, छपाई सुलभ व्हावी, हा हेतू प्रामाणिक होता. तरी बहुसंख्य मराठी लेखन आणि मुद्रण जुन्याच वळणाने चालू राहिले.

६/१६
दुसरा मार्ग लिपीचे अंतरंग समजून घेण्याचा. ल. श्री. वाकणकरांचे 'गणेशविद्या' १९६८ मध्ये आले. बापूराव नाईकांचा देवनागरीच्या मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये मुंबईच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. अक्षर हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय ठरू लागला होता.

७/१६
आता पवईकडे वळू. आयआयटी मुंबईची स्थापना १९५८ ची. युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या साहाय्याने झालेली. पहिले वर्ग वरळीत भरले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत पायाभरणी केली. संस्था अभियंत्यांसाठी होती. कलेशी तिचा संबंध नव्हता.

८/१६
१९६९ मध्ये याच परिसरात आयडीसी सुरू झाले. त्याच्या उभारणीत अग्रभागी होते सुधाकर नाडकर्णी. जे.जे.मध्ये शिकून ते जर्मनीतील उल्म येथील विख्यात अभिकल्प-विद्यालयात गेले होते. तेथे पदविकेसाठी त्यांनी निवडलेला विषय होता मुंबईतील दूधकेंद्र!

९/१६
या निवडीत संस्थेची पुढील दृष्टी दिसते. वस्तू दिसते कशी, याआधी ती कोण वापरतो, कोठे, कोणत्या गर्दीत, हे पाहायचे. १९८४ मध्ये आयडीसीत दृश्यसंप्रेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि हाच प्रश्न चिन्हे, चित्रे, पुस्तके आणि अक्षरे यांना विचारला जाऊ लागला.

१०/१६
अक्षरांची बाजू सांभाळली र. कृ. जोशी यांनी. जन्म १९३६. कवी, सुलेखनकार आणि उल्का या जाहिरातसंस्थेत दोन दशके काम केलेले कलादिग्दर्शक. १९८३ मध्ये ते आयडीसीत अध्यापनासाठी आले. यंत्रविद्येच्या आवारात आता बोरू आणि शाई आली.

११/१६
हा केवळ छंद नव्हता. देवनागरी अक्षराचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या टोकातून येतो. हात कोठून सुरू होतो, कोठे वळतो, जोडाक्षरात कोणता अवयव गळतो आणि कोणता टिकतो, हे ज्याला ठाऊक, तोच ते अक्षर संगणकाला नीट शिकवू शकतो.

१२/१६
दरम्यान संगणकाने मूळ पेचच बदलला. आयआयटी कानपूर आणि पुण्याच्या सी-डॅकमधील कामातून, तसेच इस्की व युनिकोड या मानकांतून एक तत्त्व रुजले : साठवायचे ते वर्ण, रूप ठरवायचे ते फॉन्टने. 'द्ध' साठी स्वतंत्र कळ नको. द, पायमोड आणि ध पुरे.

१३/१६
पण ते रूप रेखाटणार कोण? जोशी पुढे जुहूच्या एनसीएसटी या राष्ट्रीय संगणक संस्थेत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर जगभर पोहोचला. गुजरातीसाठी 'श्रुती', तेलुगूसाठी 'गौतमी', कन्नडसाठी 'तुंगा' हीदेखील त्याच चमूची निर्मिती.

१४/१६
तोवर एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला, की तोच फॉन्ट नसल्यास निरर्थक चिन्हांची रांग दिसे. 'मंगल' छापील पानावर फारसा देखणा वाटत नाही, ही टीका रास्त आहे. तो मुळात पडद्यासाठी होता. पण युनिकोडमधली मराठी, जोडाक्षरांसह, वेगळा फॉन्ट न घेता वाचता येऊ लागली.

१५/१६
वाचण्याचा प्रश्न सुटला, लिहिण्याचा उरला. आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी 'कीलेख' व पुढे 'स्वरचक्र' घडवले. यात अक्षरे टंकलेखन यंत्राच्या क्रमाने नाहीत, वर्णमालेच्या क्रमाने आहेत : क, ख, ग, घ, ङ. पहिलीतल्या मुलाला पाठ असलेली मांडणी हाच कळफलक झाला.

१६/१६
२००८ मध्ये र. कृ. जोशी निवर्तले, त्याच वर्षी आयडीसीत 'टायपोग्राफी डे' सुरू झाला. पंचेचाळीस कळांची मर्यादा काही दशकांत संपली. तिच्यासाठी छाटलेली अक्षरे मात्र सहजी परतली नसती. आज यंत्र देवनागरी जाणते. तरीही 'kasa ahes' असे रोमनमध्ये लिहिणारे आपण ती लिहिणार का, एवढाच प्रश्न आहे.