'चिरंतन' आणि 'कायम'

इंग्रजी 'परमनंट' या विशेषणाच्या मुळाशी 'शेवटपर्यंत राहणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. मराठीत हा अर्थ दोन शब्दांत विभागला गेला. समीक्षेने संस्कृत 'चिरंतन' स्वीकारला. व्यवहाराने अरबी 'कायम', ज्याचा मूळ अर्थ 'उभा असलेला'. १९४८पर्यंत उर्दू राजभाषा असलेल्या निजामी राज्यातील नांदेड-लातूर परिसरात 'कायम' हा दप्तराचाही शब्द होता. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर 'तात्पुरता निवारा' आणि 'कायमचे घर' या भेदात त्याला वेगळेच वजन आले. पिढ्यान्‌पिढ्या कायमचे मानलेले घर काही क्षणांत कोसळले होते. २००९मध्ये तर शासनाने 'कायम विनाअनुदानित' शाळांच्या संज्ञेतून 'कायम' हा शब्दच वगळला.

अर्थात, 'कायम' ढळू शकते. ते कोणीतरी ठेवावे लागते. 'चिरंतन'मध्ये हा ठेवणारा कर्ताच लोपतो. साहित्यकृतीचे मूल्य चिरंतन ठरवले, की तिला टिकवणारे अभ्यासक्रम, प्रकाशक आणि वाचक दृष्टीआड होतात. 'ही कृती कोणी व कशासाठी कायम ठेवली?' हा ऐतिहासिक प्रश्न टाळून मूल्यविचार पुरा होत नाही.