मुख्य याजकाची वस्त्रे (प्राचीन इस्राएल)

मुख्य याजकाची वस्त्रे म्हणजे प्राचीन इस्राएली उपासनेत, प्रथम निवासमंडपात व पुढे यरुशलेमच्या मंदिरात, सेवा करताना मुख्य याजकाने परिधान करावयाची पवित्र वस्त्रे होत. त्यांचे सविस्तर वर्णन बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या २८व्या व ३९व्या अध्यायांत आहे. पहिला मुख्य याजक अहरोन याच्यासाठी ती तयार करण्यात आली आणि त्या काळातील पवित्र कामावर यहूदा वंशातील बसालेल व दान वंशातील अहलियाब हे प्रमुख कारागीर होते, असे हा ग्रंथ सांगतो. विहित वस्त्रांवाचून केलेली सेवा यहुदी धर्मशास्त्रानुसार अग्राह्य ठरते. त्यामुळे विणकराचे काम हा येथे उपासनेचाच भाग होता.

साहित्य

निळे, जांभळे व किरमिजी सूत, तलम लिनन आणि सोने ही मुख्य सामग्री. मराठी बायबलमध्ये लिननसाठी ‘सण’ हा शब्द रूढ आहे; प्रत्यक्षात हे कापड जवसाच्या खोडातील तंतूंचे असते. रंगीत सूत लोकरीचे होते, अशी यहुदी परंपरा आहे. सामान्य इस्राएली माणसाला लोकर व लिनन एकत्र विणलेले वस्त्र निषिद्ध असताना याजकीय वस्त्रांत मात्र तेच मिश्रण विहित होते, ही लक्षणीय बाब होय.

सोन्याचा धागा ओढून काढलेला नसे. सोन्याचे पातळ पत्रे ठोकून त्यांच्या बारीक तारा कापीत आणि त्या सुतात गुंफीत. तालमूदमधील विवरणानुसार निळ्या, जांभळ्या, किरमिजी व लिननच्या प्रत्येकी सहा पदरांना सोन्याचा एकेक पदर जोडून एफोदाचा २८ पदरी धागा सिद्ध होई.

रचना

साध्या याजकांना अंगरखा, चोळणा, कमरबंद व शिरोवस्त्र अशी चार वस्त्रे असत. मुख्य याजकाची एकूण आठ. एफोदाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न असून त्यांवर इस्राएलच्या पुत्रांची नावे सहा-सहा करून जन्मक्रमाने कोरलेली होती. छातीवरील ऊरपट वीतभर लांब-रुंद, चौरस व दुहेरी घडीचा असे. त्यावर चार रांगांत बारा रत्ने कोंदणात बसवून प्रत्येकावर एका वंशाचे नाव कोरीत. या हिब्रू रत्ननामांपैकी अनेकांचा नेमका अर्थ वादग्रस्त असल्याने भाषांतरांत मोठी तफावत दिसते. एफोदाखालचा झगा संपूर्ण निळा असे. तो फाटू नये म्हणून गळ्याभोवती विणलेली किनार, तर खालच्या घेराला सुताची डाळिंबे व सोन्याच्या घंटा असत. मंदिलावर सोन्याची कोरीव पट्टी बांधीत. प्रायश्चित्ताच्या दिवशी परमपवित्रस्थानात जाताना मात्र हे सारे वैभव उतरवून मुख्य याजक केवळ साधी लिननची वस्त्रे घाली.

वस्त्रांचा ताबा

रोमन काळात ही वस्त्रे राजकीय संघर्षाचा विषय झाली. इतिहासकार जोसेफसच्या वृत्तान्तानुसार ती अंतोनिया किल्ल्यात ठेवली जात व सणांपुरतीच याजकांच्या हाती येत. सीरियाचा रोमन अधिकारी व्हितेल्लियस याने त्यांचा ताबा यहुद्यांना परत दिला; पुढे रोमनांनी तो पुन्हा मागितला, तेव्हा यहुदी शिष्टमंडळ रोमला गेले आणि इ.स. ४५ मध्ये सम्राट क्लॉडियसने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. इ.स. ७० मध्ये मंदिराचा विध्वंस झाल्यावर या वस्त्रांचा विधीतील वापर संपला.

रंगविद्येचा शोध

‘तेखेलेत’ हा निळा रंग करण्याची विद्याही कालांतराने लुप्त झाली. तो भूमध्य समुद्रातील म्युरेक्स गोगलगायीपासून मिळत असावा, असे आज बहुतेक संशोधक मानतात. या वर्गातील रंग किती दुर्मीळ होते, हे १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून दिसले: १२,००० गोगलगायींपासून अवघे १.४ ग्रॅम जांभळे रंगद्रव्य निघाले. त्याच गोगलगायीच्या रंगापासून निळी छटा कशी निघे, हे कोडे १९८०च्या दशकात ऑटो एल्सनर यांनी उलगडले. रंगाच्या द्रावणावर सूर्यप्रकाश पडल्यास जांभळ्याचा निळा होतो, असे त्यांना आढळले. दक्षिण इस्राएलमधील तिम्ना येथे इ.स.पू. १०००च्या सुमाराची, अशाच गोगलगायीच्या जांभळ्या रंगात रंगवलेली लोकर सापडल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. यरुशलेममधील टेंपल इन्स्टिट्यूट या संस्थेने या वस्त्रांच्या प्रतिकृती तयार केल्या आहेत.