हैदराबादेत घडलेला रेडिओ

नोकरीधंद्यानिमित्त हैदराबादेत आलेल्या आपणा मराठी मंडळींना हे शहर बिर्याणी, मोती आणि सॉफ्टवेअर यांसाठी ठाऊक असते. जगभरचे हॅम, म्हणजे सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावरून बोलणारे रेडिओ-हौशी, ते आणखी एका कारणाने ओळखतात.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्यासह पोर्ट ब्लेअरमध्ये होते. ते गेले होते हौसेखातर जगाशी बोलायला. पण फोन बंद पडले आणि त्याच यंत्रांवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली.

अशी तयार यंत्रे परदेशी आणि महाग. परवाना हाती असूनही अनेकांना ती परवडत नसत. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स’चे सर्किट सर्वांसाठी खुले केले. नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली तार, कॉम्प्युटरमधले १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, साधे ट्रान्झिस्टर. एवढ्यावर १४ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ वॅट मिळत. युक्ती अशी, की ऐकताना आणि बोलताना संदेश त्याच सर्किटमधून उलटसुलट जातो. त्यामुळे सुटे भाग बरेच कमी लागतात.

२०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा एका पाटीवरचा स्वस्त कॉम्प्युटर आला. पुढे फरहान यांनी तो जोडून ‘एसबिटएक्स’ तयार केला. अँटेनाची लहर खालच्या कंप्रतेवर आणून तिचे आकडे केले जातात. नको ते आवाज गाळण्याचे बरेचसे काम आता प्रोग्राम करतो आणि तो प्रोग्रामही खुला आहे. बोलताना पुन्हा तोच प्रवास उलटा.

तरी सगळेच सॉफ्टवेअरवर सोपवता येत नाही. अँटेनापूर्वीचा फिल्टर तारेच्या वेटोळ्यांचाच लागतो. तो नसेल तर १४ सोबत २८ मेगाहर्ट्झवरही लहर जाऊन दुसऱ्याच्या संभाषणात अडथळा येतो. म्हणूनच परीक्षा आणि परवाना. बारा वर्षांपुढील मुलांनाही ती परीक्षा देता येते.

आपल्या घरांत प्रोग्राम लिहिणारे हात पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा सोल्डरिंगची इस्त्रीही धरून पाहावी. फोन मुके होतील त्या दिवशी शेजारी असा एक जण असणे फार मोलाचे ठरेल.