रास्ते का काँटा (ब्योमकेश बक्शी)

'रास्ते का काँटा' हा दूरदर्शनवरील 'ब्योमकेश बक्शी' या हिंदी गुप्तहेर मालिकेच्या १९९३ मधील पहिल्या पर्वाचा एक भाग आहे. मालिकेचे दिग्दर्शन बासू चटर्जी यांचे आहे. ब्योमकेशची भूमिका रजित कपूर यांनी, तर त्याचा मित्र अजित याची भूमिका के. के. रैना यांनी केली. हा भाग शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर काँटा' (१९३२) या बंगाली कथेवर आधारित आहे.

कथानक

कोलकात्यात भर रहदारीच्या रस्त्यावर श्रीमंत, निपुत्रिक गृहस्थ एकामागून एक कोसळून मरतात. प्रत्येकाच्या हृदयात ग्रामोफोनची पिन घुसलेली आढळते. मात्र हत्याराचा आवाज कोणीही ऐकलेला नसतो. खिशातील घड्याळात पिन रुतल्यामुळे बचावलेले आशुतोष मित्र ब्योमकेशकडे मदत मागतात. त्याच काळात, 'वाटेतील काटा' दूर करून देण्याचे आश्वासन देणारी एक विचित्र जाहिरात वृत्तपत्रात वारंवार प्रसिद्ध होत असते. ब्योमकेश या दोन गोष्टींची सांगड घालतो आणि अजितला गिऱ्हाईक म्हणून पुढे करून मारेकऱ्यापर्यंत पोहोचतो.

रहस्याची मांडणी

मारेकऱ्याचे हत्यार सायकलच्या घंटीत दडवलेले असते. घंटी वाजवताच आतील स्प्रिंगच्या जोराने पिन सुटते. घंटीचा आवाज सर्वांच्या कानी पडतो. पण रस्त्यावर तो नेहमीचाच असल्याने कोणी त्याची दखल घेत नाही. मित्र यांच्या जबाबात या घंटीचा उल्लेख सहज येऊन जातो. त्यामुळे उलगड्याची किल्ली ब्योमकेशइतकीच प्रेक्षकाच्याही हाती असते. अखेरीस एखादा नवा पुरावा अचानक पुढे आणला जात नाही, हे या रहस्याचे मुख्य बलस्थान होय. मृत्यूचा लाभ वारसांना होतो; मारेकरी केवळ मोबदला घेणारा मध्यस्थ असतो. त्यामुळे हत्येचा हेतू आणि हत्या करणारा हात वेगवेगळे राहतात व नेहमीच्या पद्धतीने संशयित शोधणे निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्राशी संबंध

शरदिंदु १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्याकरिता मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर त्यांनी ब्योमकेशकथा पुन्हा हाती घेतल्या. उत्तरकाळातील अनेक कथा पुण्यातील वास्तव्यात लिहिल्या गेल्या. मालिकेच्या पुढील भागांत ब्योमकेशची पत्नी सत्यवती हिची भूमिका मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी यांनी साकारली.