दाण्याच्या आमटीचे गोत्र

म्हैसूरला बदलून आलेल्या मराठी कुटुंबांत एकादशीस वऱ्याच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी होते. शेजारच्या कानडी गृहस्थाने चौकशी केली, तर ‘ही आमची परंपरागत रीत’ असे आपण अभिमानाने सांगतो. रीत खरी, पण तिचे वय पाहण्यासारखे आहे.

भुईमुगाची जन्मभूमी दक्षिण अमेरिका. कोलंबसाची सफर १४९२ ची. त्यानंतरच्या शतकांत पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर हे पीक आफ्रिकेत व आशियात पसरले. आपल्या प्राचीन धर्मग्रंथांत त्याचा विधी नाही आणि निषेधही नाही. आमटीतली मिरचीही अमेरिकेतलीच, आणि फराळाचा बटाटाही तिकडचाच.

ज्या जलमार्गांनी आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून अमेरिकेस नेली गेली, त्याच मार्गांनी हा दाणा पश्चिम आफ्रिकेत उतरला. तेथेही त्याची आमटीच झाली. सेनेगलमध्ये तिला ‘माफे’ म्हणतात, मालीत ‘तिगादेगेना’. दाणे भाजून वाटायचे, ते वाटण पाण्यात कालवायचे आणि तेल वर तरंगेपर्यंत मंद आचेवर शिजवायचे. तिकडे त्यात कांदा, टोमॅटो व मांस पडते. आपण जिरे, आमसूल व गूळ घालतो. कृतीचा गाभा मात्र एकच. पश्चिम आफ्रिकेत जमिनीखाली शेंग धरणारे एक देशी कडधान्य पूर्वापार होते. त्यामुळे नवा पाहुणा तेथे फारसा परका वाटला नसावा.

आपल्याकडे पाहुण्याला नावाने घरात घेतले. मराठी शेतकऱ्यास परिचित मूग आठवला. त्याने ‘भुईमूग’ म्हटले. कानडी शेतकऱ्यास हरभरा, म्हणजे ‘कडले’, आठवला. त्याने ‘कडलेकायी’ म्हटले. बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिकातील अखेरच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी याच शेंगांची जत्रा भरते. म्हैसूरच्या चेलुवांबा वाड्यात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी कुपोषितांसाठी ‘बहुउद्देशीय अन्न’ सिद्ध केले, तेही पेंडीपासून केलेले दाण्याचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ एकत्र करूनच.

उपवासास काय चालते, याचा या दाण्यापुरता निकाल स्वयंपाकघरात लागला. कोण्या घरच्या गृहिणीने तो प्रथम दिला, तिचे नाव इतिहासाने राखले नाही. परंतु पुढच्या पिढ्यांनी तो शास्त्राइतकाच मानला.

परप्रांती वाढलेल्या आपल्या मुलांच्या हातून या आमटीत कधी कढीलिंबाची फोडणी पडते, कधी ती वऱ्याऐवजी इडलीबरोबर खाल्ली जाते. मग घरातील वडील माणसे ‘आपले काही राहिले नाही’ असे म्हणून खंत करतात. ती खंत समजण्यासारखी आहे. मात्र मुलांना दोष देण्यापूर्वी, आपल्या पणजीच्याही पूर्वी कोणी तरी एक अनोळखी दाणा असाच धीटपणे पातेल्यात घातला होता, एवढे लक्षात ठेवणे बरे.