जमीन गेली, त्याच काळात शिक्षणालाही भाव लागला

उरणचा लढा म्हटला की जमिनीचा भाव आणि साडेबारा टक्के एवढेच आपल्याला आठवते. शिक्षणाच्या भावाबद्दल कोणी बोलत नाही. खरे तर दोन्हींचा इतिहास एकाच दशकातला आहे.

1970 साली सिडको स्थापन झाली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या आंदोलनावर गोळीबार झाला, 5 शेतकरी हुतात्मे झाले. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. याच काळात, 1983 साली, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडली. म्हणजे बापाची भातशेती हातातून गेली, त्याच वर्षांत मुलाच्या तांत्रिक शिक्षणाला बाजारभाव लागला! आणि ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या शेतमजुराने फी कशातून भरायची? त्याला तर जमिनीचा मोबदलाही नव्हता.

आज याच बंदरात सिंगापूर आणि दुबईच्या कंपन्या टर्मिनल चालवतात. माल जगाचा, भांडवल जगाचे, मग कुशल कामाची स्पर्धाही जगाशीच. ‘भूमिपुत्रांना नोकरी द्या’ ही मागणी रास्तच आहे. पण कोणती नोकरी? ज्याला महागडे शिक्षण परवडते तो अभियंता, आणि ज्याची जमीन गेली तो कंत्राटी हमाल, ही नवी वर्णव्यवस्थाच नव्हे काय?

शिष्यवृत्तीला ‘फुकटेगिरी’ म्हणणाऱ्यांनी इतिहास वाचावा. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती संपली तेव्हा 1917 साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच होती, पैसा संपला होता. म्हणूनच 1927 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी खालच्या वर्गांसाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त करा, अशी मागणी केली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळवला. त्यातूनच 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. राजाच्या कृपेवर मिळाले ते पुढच्या पिढीला हक्काने मिळावे, हा त्यामागचा विचार होता.

उरणच्या आगरी, कोळी, कातकरी आणि बौद्ध बांधवांनो, प्लॉट एकदा विकला की संपतो. शिक्षण कोणी संपादित करू शकत नाही. आपल्या मागणीपत्रात नोकरीच्या आधी फीमाफी आणि वेळेवर शिष्यवृत्ती लिहा.

जय भीम!