कॉल्विक चीज

कॉल्विक चीज : इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातले गाईच्या दुधाचे ताजे, मऊ चीज. नॉटिंगहॅम शहराला लागून, ट्रेंट नदीकाठी असलेल्या कॉल्विक गावाचे नाव त्याला मिळाले. गावाचा स्थानिक उच्चार ‘कॉलिक’. चीजची परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे नेली जाते.

याची खूण म्हणजे माथ्यावरची खळगी. कोमट दुधात रेनेट (दूध गोठवणारे विकर) घालून ते घट्ट झाल्यावर गोठलेला भाग पळीने हळुवार उचलून, आत मलमल अंथरलेल्या गोल साच्यांत भरतात. वर वजन ठेवत नाहीत. पाणी आपल्या भारानेच निथळते. निथळताना मध्यभाग खचतो, कापड आवळल्याने कडा आत वळतात आणि वडीला उथळ वाटीचा आकार येतो. मलमलीत निथळणे आपल्या चक्क्यासारखेच. पण चक्का दह्याचा असतो, तर इथे दूध प्रामुख्याने रेनेटने गोठते. मुंबईच्या पारशी घरांतले ‘टोपली नु पनीर’ हे त्याचे अधिक जवळचे भावंड.

चव दुधाळ, किंचित आंबूस. मीठ असलेच तर बेताचे. ही चव फिकी आहे असे म्हणणाऱ्यांनी ती वाटी रिकामीच खाल्ली असावी. खळगीत फळे, मुरांबा घातला की गोड पदार्थ होतो. कांद्याची पात, मिरपूड घातली की तिखटमिठाचा. मुरवण्याची रीत नाही, त्यामुळे ते टिकत नाही आणि दूरच्या बाजारात पोहोचत नाही. त्याच परगण्यातही होणारे निळ्या शिरांचे स्टिल्टन मुरते, टिकते. म्हणून जगभर गेले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने चीजचे दूध चेडरसारख्या टिकाऊ, कठीण प्रकारांकडे वळवले. शिधापत्रिकेवर माणशी आठवड्याला बहुधा दोन औंस (सुमारे ५७ ग्रॅम) चीज मिळे. रेशनिंग १९५४ मध्ये संपले, पण तोवर अनेक गावठी मऊ चीजांची साखळी तुटली होती. कॉल्विक कसेबसे तगले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले. एकविसाव्या शतकात छोट्या उत्पादकांनी ते पुन्हा सुरू केले. स्टिल्टन हे नाव कायद्याने डर्बीशायर, लेस्टरशायर व नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांपुरते राखीव आहे. कॉल्विकला असे संरक्षण नाही.